हात पोचेल एवढं कॅबिनेट

९ जानेवारी

ही वही धाकटीने दिली. म्हणाली, "ताई, नवं मशीन बांधायचं तर काय कुठे जोडलं ते रोज लिहून ठेव. पुढे उपयोगी पडेल."

मी म्हटलं, "तू आहेस की लक्षात ठेवायला."

"लिही गं," म्हणाली. म्हणून लिहितेय. पण मला नुसतं तारांचं लिहिता येत नाही, सगळंच लिहीन.

काल सकाळी जुना कॉम्प्युटर गेला. धूर नाही, आवाज नाही, नुसता जळक्या रबरासारखा वास आला आणि पडदा काळा. अकरा वर्षं आम्ही दोघी बहिणी लोकांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देतो. लोक माळ्यावरून खोकी काढून आणतात. मी कॅसेट उघडते, बुरशी पुसते, तुटलेली फीत जोडते. पुढचं सगळं धाकटीचं. बिचाऱ्या मशीनचं कॅबिनेट एवढंसं, आत वारा जायला जागा नाही, आणि चार हार्ड डिस्क बाहेर तारांना लोंबकळत. कधीतरी जाणारच होतं. डिस्क वाचल्या, एवढं नशीब.

पण वेळ वाईट आहे. पोहण्याच्या बाईंच्या कॅसेटी अर्ध्यावरही आलेल्या नाहीत. बाईंनी तीस वर्षं मुलांना पोहायला शिकवलं आणि दर आठवड्याचा सराव कॅमेऱ्यात घेतला. एकशे चाळीस कॅसेटी. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडलेत. बघायचं ते पुसल्यासारखं होतं, कडेचं तेवढं दिसतं. डॉक्टर म्हणालेत, एप्रिलपर्यंत डाग बराच पसरेल. त्याच्या आत सगळी मुलं एकदा पाहून घ्यायची आहेत त्यांना. एकतीस झाल्या. एकशे नऊ राहिल्या.

दोन तासांची कॅसेट उतरवायला दोन तासच लागतात, घाई करता येत नाही. म्हणून धाकटीने ठरवलंय की नव्या मशीनला कॅसेटचं चित्र आत घेणारी दोन कॅप्चर कार्डं लावायची, म्हणजे दोन कॅसेटी एकदम उतरतील. डिस्कही सगळ्या आत.

खरं सांगायचं तर काल रडू यायला हवं होतं. पण मला आतून उकळ्या फुटतायत. नवं मशीन, आपल्या हातांनी.

११ जानेवारी

सुट्या भागांच्या दुकानात गेलो. दुकानदाराला आम्ही आपसात दाढी म्हणतो. दाढीने आधी काचेचं कॅबिनेट दाखवलं. आत सात रंगांचे दिवे, लग्नघराला लाजवील असं. मी विचारलं, "यात डिस्क किती बसतात?" म्हणाला, "दोन. पण दिसतं बघा कसं." मी म्हटलं, "आम्हाला दाखवायचं नाहीये, राबवायचंय."

मग त्याने एक लहान, सुबक दाखवलं. धाकटी त्याच्यापाशीच घुटमळत राहिली.

माझं लक्ष मात्र कोपऱ्यात. एक काळं, पत्र्याचं, माझ्या अर्ध्या मांडीला येईल असं धूड उभं होतं, आणि त्यावर दाढीचा डबा ठेवलेला. "ते काय?" म्हटलं. "ते होय? ते कुणी नेत नाही, ताई. त्यावर मी जेवतो." डबा उचलून त्याने बाजूचं दार काढलं. आत दहा डिस्कचे दहा खण, एकावर एक, जिन्यासारखे. मी हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला, आणि कुठेही काही टोचलं नाही. जुन्या मशीनमध्ये एक स्क्रू काढताना तीन बोटं सोलायची.

मला हेच पाहिजे. दाढीला म्हटलं, दोन दिवसांत सांगतो.

१२ जानेवारी

वाद. मी म्हणते मोठं, ती म्हणते लहान.

"ताई, ते रिकामंच पंधरा किलो आहे. भरल्यावर तुला एकटीला हलवता येणार नाही."

"एकटीला कशाला हलवायचंय? दोघी आहोत ना."

यावर तिने चहाचे कप उचलून मोरीत ठेवले. मग म्हणाली, "नाकापेक्षा मोती जड होईल." मी म्हटलं, आपलं नाक मोठंच आहे, दोघींचं. हसली नाही. हल्ली तिचं असंच चाललंय. उष्णता झाली असेल.

१३ जानेवारी

सकाळी उठले तर धाकटी खुर्चीवर बसून कागदावर काहीतरी आखत होती. मान वर न करता म्हणाली, "मोठंच घे. मी विचार केला. लहानात काही बिघडलं तर दोन माणसं लागतात, एकाने तारा धरायच्या, दुसऱ्याने स्क्रू काढायचा. मोठ्यात तुझा हात सगळीकडे पोचेल."

जिंकले. एवढ्या वर्षांत मशीनच्या बाबतीत तिने माझं ऐकल्याची ही पहिलीच वेळ. लगेच दाढीला फोन केला. म्हणाला, "मग मी जेवू कशावर?"

१६ जानेवारी

कॅबिनेट आलं. दोन हमाल धापा टाकत वर आले. खालच्या मजल्यावरची शिंपीण दारात येऊन म्हणाली, "फ्रीज घेतलात वाटतं."

टेबलाखाली सरकवलं तर चार बोटं वर राहिलं. मी टेबलाची उंची मोजली होती, खालची आडवी लाकडी पट्टी मोजलीच नव्हती. धाकटीने कपाळावर हात मारला. शेवटी सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी पट्टी पाहिली, कॅबिनेट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"ताई, माणसं टेबलाच्या मापाने सामान आणतात."

"काका, आम्ही सामानाच्या मापाने टेबल कापतो."

पट्टी कापून मागच्या बाजूला ठोकली. टेबल हलत नाही, मी वर बसून पाहिलं. आता ते काळं धूड टेबलाखाली असं बसलंय की जणू जन्मापासून तिथेच होतं. जाता-येता मी त्याचं दार काढून आतली मोकळी जागा बघते. एवढी जागा माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटात नाही.

१८ जानेवारी

आज बांधायला घेतलं. मशीन आडवं ठेवलं, टेबलाशेजारी चादर पसरली, आणि मी स्क्रूड्रायव्हर धाकटीपुढे धरला. तिने घेतला नाही. स्टुलावर बसली, हाताची घडी घातली आणि म्हणाली, "तूच कर. मी सांगते."

उंटावरून शेळ्या हाकायची सवय तिला पूर्वी नव्हती. मी कुरकुर केली. म्हणाली, माझी पाठ दुखते. ठीक.

आधी कॅबिनेटच्या तळाला पितळी खुंट्या बसवल्या, त्यावर मदरबोर्ड टेकतो. नऊ खुंट्या. बोर्ड थेट पत्र्याला लागला तर सगळं जळेल, म्हणून खुंट्या. मग प्रोसेसर. त्याचा सोनेरी कोपरा बोर्डावरच्या खुणेला जुळवायचा आणि नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. ठेवला. मग वरचा दांडा खाली आणला तर करकर असा आवाज आला, मी दांडा सोडून मागे सरकले. धाकटी म्हणाली, "तो आवाज होतोच. लिहून ठेव." लिहिलं: करकर होते, घाबरायचं नाही.

बोर्ड आत बसवला, नऊही स्क्रू आवळले, हात झटकले. धाकटी म्हणाली, "मागची पत्र्याची चौकट कुठाय?"

चौकट माझ्या मांडीखाली होती. बोर्डाच्या आधी लावायची असते. नऊही स्क्रू पुन्हा काढले. "तुला दिसत होतं ना?" मी विचारलं. "दिसत होतं," म्हणाली, "पण आता तू जन्मात विसरणार नाहीस."

राग आला. पण चौकट लावून बोर्ड दुसऱ्यांदा बसवला तेव्हा सात मिनिटं लागली. पहिल्यांदा पाऊण तास लागला होता.

२१ जानेवारी

जुन्या चार आणि एक नवी, पाची डिस्क खणात गेल्या. सरकवायच्या, खट् झालं की बसल्या. मी त्यातली एक उगाचच चार वेळा काढून घातली. दोन्ही कॅप्चर कार्डं बसली, मध्ये आणखी दोनांची जागा आहे.

मग अडलं. प्रोसेसरला वीज देणारी जाड तार खालून वरपर्यंत जाते, बोर्डाच्या पाठीमागून. ती पोचेचना. चार बोटं कमी. मोठ्या घराची मोठी गोष्ट. पुढून ओढून पाहिली तर पंख्यात जात होती. धाकटीने दाढीला फोन करायला मलाच लावलं. मी म्हटलं, मला त्या तारेचं नाव माहीत नाही. "दिसतं तसं सांग." मी सांगितलं, आठ भोकांचं तोंड आहे, चार-चारचे दोन तुकडे होतात. दाढीला लगेच कळलं. जोडतार उद्या देतो म्हणाला. तोवर रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, दोन पट्ट्या घेतल्या: एकेक खाचेत धरून दाबली. मोडेल वाटलं म्हणून जास्त नाही दाबली.

धाकटी प्रत्येक तारेला पांढरी चिकटपट्टी लावून बारीक अक्षरात नाव लिहितेय. एवढं कशाला? तिला तर सगळं पाठ आहे. पण तिचं अक्षर छान आहे, दिसतंय छान.

२३ जानेवारी

धाकटी चार दिवस मैत्रिणीकडे गेली, दुसऱ्या गावी. ऐन कामात. इस्त्रीचे दोन शर्ट आणि प्रमाणपत्रांची निळी फाईल घेऊन गेली. मैत्रिणीकडे फाईल कशाला, असं विचारणार होते, पण रिक्षा उभी होती. बहुधा मैत्रिणीच्या मुलीला दाखवायची असेल, ती याच शिक्षणाला जाणार आहे असं कधीतरी बोलली होती.

जाताना म्हणाली, "जोडतार आली की लाव आणि चालू कर. माझी वाट बघू नकोस."

२५ जानेवारी

तार काल लावली. आज सकाळी दहाला बटण दाबलं. पंखे फिरले, आतला छोटा दिवा लागला, आणि पडदा काळाच.

बंद केलं, चालू केलं. काळा. धाकटीला फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. मैत्रिणीकडे फोन बंद ठेवून काय करते ही?

साडेअकराला पोहण्याच्या बाई आल्या, पुढची दहा कॅसेटींची पिशवी द्यायला. मी जमिनीवर बसले होते, भोवती स्क्रू. बाईंनी काठीने अंदाज घेत खुर्ची शोधली आणि बसल्या. मी म्हटलं, "बाई, बहीण आल्यावरच होईल आता. मला नाही जमत."

"काय काय केलंस?"

मी वही काढून वाचलं. खुंट्या, चौकट, प्रोसेसर, डिस्क, आठ भोकांची तार. रॅमच्या पट्ट्यांशी आले तेव्हा वाचलं, 'दाबली. मोडेल वाटलं म्हणून जास्त नाही दाबली.' आणि थांबले.

बाई म्हणाल्या, "माझ्याकडची मुलं पाण्याने नाही बुडायची. भीतीने हात आखडता घ्यायची, म्हणून बुडायची. मी सांगायचे, हात टाकायचा तर पुरता टाक."

वीज काढली. दोन्ही पट्ट्या उपसल्या. एक पुन्हा खाचेत धरली आणि अंगठ्याने दाबली. बोर्ड वाकेल असं वाटलं तरी दाबली. खट्. दोन्ही टोकांचे चिमटे आपोआप बंद झाले. दुसरीही खट्. आधी हे चिमटे मीच बोटाने लावले होते.

बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली. खाली यादी: एक, दोन, तीन, चार, पाच डिस्क. मी मोठ्याने वाचली, बाईंना दिसावी म्हणून. मग त्यांचे दोन्ही हात धरून खुर्चीभोवती नाचले. एकोणपन्नासाव्या वर्षी. शिंपीण खालून ओरडली की छताची माती पडतेय.

२७ जानेवारी

धाकटी आली. पायातल्या चपलाही न काढता टेबलापाशी गेली. मशीन चालू होतं, दोन पडद्यांवर दोन कॅसेटी, एकात मुलं डुबक्या मारतायत, दुसऱ्यात रांगेत कुडकुडतायत. तिने दार काढून आत बघितलं. खूप वेळ बघत होती. वर पाहिलं तर डोळे ओले.

"काय झालं?"

"प्रवासात धूळ फार होती," म्हणाली. आणि मला मिठी मारली. आमच्यात अशी पद्धत नाही. पण मशीनच तसं झालंय, मी तिला दोष देत नाही.

११ फेब्रुवारी

लिहायला सवड नाही. एकाहत्तर झाल्या. मशीनला हात लावून पाहते, कोमट सुद्धा होत नाही. आता कॅसेट साफ करण्यापासून फाईल ठेवण्यापर्यंत सगळं मीच करते आणि धाकटी शेजारी बसून 'हं' म्हणते. तिला विश्रांती मिळतेय. बरंच आहे.

१४ फेब्रुवारी

बाई आल्या होत्या. मी त्यांना चहा दिला. धाकटी बाहेर गेली होती. बाई म्हणाल्या, "तुझं कौतुक वाटतं. धाकटी पुढच्या महिन्यात जाणार, तरी तू किती हसतमुख आहेस."

मी म्हटलं, "कुठे जाणार?"

बाईंना माझा चेहरा दिसत नव्हता. पण आवाज ऐकू आला असावा. कप खाली ठेवला त्यांनी. "तिने मला सांगितलं, तेव्हा मला वाटलं तुला माहीत आहे," एवढंच म्हणाल्या.

१५ फेब्रुवारी

चार कॅसेटी झाल्या. कुणी कुणाशी बोललं नाही.

१७ फेब्रुवारी

आज बोललो. जुन्या चित्रफिती जतन करणारं मोठं संग्रहालय आहे, तिथे तिला घेतलंय. जानेवारीत गेली ती मुलाखतीला. मैत्रीण वगैरे काही नव्हती. तिथली एकेक यंत्रं आमच्या खोलीएवढी, म्हणाली, आणि सांगताना आवाज असा उजळला की तिलाच लाज वाटली.

"कधी सांगणार होतीस?"

"मशीन सुरू झाल्यावर. मग म्हटलं, बाईंच्या कॅसेटी संपल्यावर."

"मग म्हटलं, ताई मेल्यावर."

ती हसली. मग मीही. मग दोघी थोड्या रडलो, ते लिहीत नाही.

मी म्हटलं, "मला विचारलं असतंस तर मी जा म्हटलं असतं."

"म्हणूनच नाही विचारलं. तू जा म्हणाली असतीस आणि दुसऱ्या दिवशी धंद्याला कुलूप घातलं असतंस. म्हणाली असतीस, मला त्यातलं काही कळत नाही."

खोटं नाही ते. चौदा तारखेला रात्री माझं मनात कुलूप घालूनसुद्धा झालं होतं.

पाठीमागची पानं वाचून काढली. स्टूल, हाताची घडी, चिकटपट्ट्या. मी तिला आळशी लिहायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. ते धूड मी हट्टाने घेतलं असं मला वाटत होतं. रात्रभर जागून तिने माझ्यासाठी निवडलं होतं ते.

४ मार्च

एकशे चाळिसावी संपली, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी.

बाईंना बोलावलं. त्या पडद्याच्या इतक्या जवळ बसल्या की नाक टेकेल, आणि मान तिरकी केली, डोळ्याच्या कडेने बघायला. मी विचारलं, कुठली लावू? म्हणाल्या, कुठलीही. निळं पाणी, पांढरे हात. चेहरे त्यांना दिसत नव्हते, मला दिसत होतं की दिसत नव्हते. मला वाटलं, उशीर झाला.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "तिसऱ्या रांगेतली. कोपर पाडते. हजारदा सांगितलं." मग, "हा डावीकडे श्वास घेणारा. हा घाबरट, आता बघ, भिंतीपाशी थांबेल." तो थांबला. बाई खळखळून हसल्या. एकेका मुलाला त्या पाण्यातल्या चालीवरून ओळखत होत्या. धाकटीने कागद घेतला आणि कुठल्या मिनिटाला कोण ते लिहायला लागली. संध्याकाळ झाली. तिघींपैकी कुणालाच उठायचं नव्हतं.

९ मार्च

धाकटी गेली. दोन बॅगा. स्टेशनवर मी तिला खायचं देताना सूचना देत होते, ती मला मशीनच्या सूचना देत होती, दोघी एकदम, कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं. गाडी हलल्यावर मला कळलं की मी काहीच महत्त्वाचं बोलले नाही.

घरी आले आणि बाईंची एक ओळखीची कॅसेट पुन्हा साफ केली. बुरशी नव्हती तरी.

२ एप्रिल

बाईंनी कुणाकुणाला सांगितलं असणार. एका जुन्या नाटकमंडळीचा माणूस आला, दोनशे कॅसेटी आहेत म्हणाला. 'बहिणीला विचारून सांगते' हे जिभेवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, "आणा. पण वीस-वीस आणा, खोली लहान आहे."

सहावी डिस्क मी बसवली. यादीत दिसेचना. दार काढलं, कोपरापर्यंत हात घातला, एकेक तार चाचपली. विजेची तार अर्धवट लागली होती. लावली, दिसली. दहा मिनिटं. मी स्वतःलाच चहा करून दिला, दोन चमचे साखर घालून.

६ एप्रिल

रविवार. धाकटीचा फोन. तिकडे सगळं मोठं आहे, म्हणाली. माणसं चांगली आहेत. ती तिथे सगळ्यांत नवी, तिला सध्या डब्यांवर आकडे लिहायचं काम दिलंय. जेवायला एकटीच बसते, पण ते काय, होईल ओळख.

मी सहाव्या डिस्कचं सांगितलं, सहज, बढाई म्हणून.

"दिसेना? मग मला फोन का नाही केलास?"

"अगं, दहा मिनिटांत सापडलं."

"बरं," म्हणाली.

मला तिचा श्वास ऐकू येत होता, आणि मागे कुठेतरी बादलीत पाणी भरल्याचा आवाज. इतके दिवस मला वाटत होतं, मागे राहिले ती मी.

मी म्हटलं, "पण तुला एक विचारायचंच होतं. दोन कॅसेटी एकदम घेताना एकीचा आवाज चित्राच्या मागे पडतो. मला काही केल्या जमत नाहीये."

ते मी गेल्या महिन्यातच सोडवलंय. एक आकडा बदलायचा असतो.

"थांब, थांब," धाकटी म्हणाली. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "आधी मला सांग, कुठली खिडकी उघडी आहे तुझ्यासमोर? हां. आता घाई करू नकोस. पहिल्यापासून सांगते."

वीस मिनिटं सांगत होती. तिचा आवाज हळूहळू पूर्वीसारखा चढत गेला, मध्ये एकदा तर ओरडलीसुद्धा, "ताई, लक्ष कुठाय?" मी म्हटलं, "असं होय. पुन्हा सांग बघू."